जोडप्यांचं समुपदेशन शिकताय? आधी एवढं पाहा

पदव्युत्तर अभ्यासक्रम निवडताना आधी एकच विचारा: प्रत्यक्ष जोडप्यांसोबत किती तास काम मिळेल आणि त्यावर देखरेख कोण ठेवेल? नुसती व्याख्यानं असतील तर प्रमाणपत्र मिळेल, हात बसणार नाही.

नवख्यांच्या चुका बहुतेक ठरलेल्या असतात:

- न्यायाधीश होणं. चूक कोणाची हे शोधू नका, चक्र पाहा. एक मागे लागतो, दुसरा गप्प होतो, म्हणून पहिला आणखी मागे लागतो.
- गुपित पोटात ठेवणं. एकट्याने फोन करून 'तिला सांगू नका' म्हणणारा भेटतोच. गुपितांबाबतचा नियम पहिल्याच सत्रात दोघांना लेखी द्या.
- हिंसेबद्दल दोघांसमोर विचारणं. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. घाबरलेली व्यक्ती जोडीदारासमोर खरं बोलत नाही, आणि बोललीच तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजते. म्हणून प्रत्येकाला वेगळं भेटून मारहाण, धमक्या, पैशांवरचा ताबा विचारा. धाक दिसला तर एकत्र सत्रं थांबवा, त्याच दिवशी पर्यवेक्षकांशी बोला.

जोडप्यांच्या समुपदेशनाच्या दोन प्रचलित पद्धतींपैकी भावनाकेंद्री बरी की गॉटमन यांची, हा वाद पहिलं वर्ष बाजूला ठेवा. त्याऐवजी, दोघांच्या संमतीने, सत्राचं ध्वनिमुद्रण करा आणि कोण किती मिनिटं बोललं ते मोजा. आपलीही मिनिटं धरा.