तो डबा आधी परत दे

चिंचवडहून एकीचं लांबलचक पत्र आलंय. नवऱ्याची आयटीतली नोकरी गेली, फ्लॅटचा ईएमआय चालूच आहे, सोसायटीत मात्र 'वर्क फ्रॉम होम चालू आहे' असं सांगून ठेवलंय. हिला रात्री तीन-तीन वाजेपर्यंत झोप नाही, छातीत धडधडतं. कुणीतरी सांगितलं म्हणून रोज रात्री ग्रॅटिट्यूड जर्नल, म्हणजे कृतज्ञतेची वही, लिहिते, आयुष्यातल्या दहा चांगल्या गोष्टी, अडीच महिन्यांत एकही दिवस चुकवला नाही, तरी भीती कमी होईना. विचारतेय, "इतकं सगळं चांगलं असून मी घाबरते म्हणजे मी कृतघ्न आहे का?"

नाहीस. पगार बंद आणि हप्ता चालू असेल तर कुणालाही धडधडेल. हा प्रश्न इथेच सोड.

मला बोलायचंय ते तुझ्या पत्राच्या शेवटी घाईघाईत आलेल्या एका ओळीबद्दल. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी भरली वांगी दिली होती, तो डबा दीड महिना तुझ्याकडेच पडलाय आणि त्याची लाज वाटते, एवढं लिहून तू पुढे गेलीस. मी नाही गेले गं. मी तिथेच अडकले.

दीड महिना! दोन जिने चढायचे होते फक्त. रात्री वहीत तू 'शेजारी चांगले' लिहितेस आणि ज्यांच्यामुळे ते लिहितेस त्यांना साधं 'वांगी छान झाली होती' एवढंही कळवलेलं नाहीस. त्यांना काय वाटत असेल, भाजी आवडली नाही, का आपण उगाच नाक खुपसलं? आता लिफ्टमध्ये त्या दिसल्या की तू मोबाईल काढत असणार, मला माहितीये.

आणि डबा का राहिला तेही मला दिसतंय. परत द्यायला गेलीस की त्या म्हणणार, "काय गं, दिसत नाहीस हल्ली, सगळं ठीक ना?" आणि मग एकतर खोटं बोलायचं नाहीतर रडायचं. म्हणून उद्या, परवा. टाळलेल्या गोष्टीचं असंच होतं बघ, दुसऱ्या दिवशी तो नुसता डबा होता, आता त्याच्यासोबत दीड महिन्याचं कारणही द्यावं लागणार, पुढच्या महिन्यात अजून मोठं. तुझ्या भीतीला रोज खाऊ मिळतोय तो इथून.

अमेरिकेत मार्टिन सेलिगमन नावाचे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक अभ्यास छापला होता. त्यात एका गटाला रोज रात्री चांगल्या घडलेल्या तीन गोष्टी लिहायला सांगितल्या, तीन, दहा नाही, आणि प्रत्येकीपुढे ती का घडली तेही लिहायचं. दुसऱ्या गटाला सांगितलं, ज्यांचे आभार मानायचे राहून गेलेत अशा माणसाला पत्र लिहा आणि स्वतः जाऊन द्या. सुरुवातीला सगळ्यात जास्त बरं वाटलं ते या जाऊन देणाऱ्यांना. महिनाभर टिकलं, कायमचं नाही, पण तुला आत्ता एक महिना शांत मिळाला तरी खूप आहे.

आणि तो 'का' तू लिहिलाच नाहीस. वांगी का आली? गौरी-गणपती नव्हते, कुणाचा वाढदिवस नव्हता. वहिनींना काहीतरी दिसलं म्हणून आली. भरदिवसा तुझा नवरा खाली पार्किंगमध्ये नुसता उभा असतो ते त्यांना दिसलं असेल, तुझे डोळे दिसले असतील. तुला वाटतंय तू लपवलंयस, मला वाटतं त्यांनी ओळखलंय आणि विचारायच्या ऐवजी भाजी केली.

तर वही काही दिवस कपाटात ठेव. उद्या संध्याकाळी डबा घेऊन वर जायचं. रिकामा नको, आपल्यात रिकामा डबा परत देत नाहीत, फार काही करत बसू नको नाहीतर त्याच निमित्ताने अजून आठवडा जाईल, चमचाभर साखर टाक, पुरे. आणि त्यांनी विचारलं की खरं सांग. "ह्यांची नोकरी गेलीये वहिनी, मला झोप येत नाही." एवढंच. नवऱ्याला आधी सांगून जा, परवानगी मात्र मागत बसू नको, नोकरी त्याची गेली असेल पण धडधड तुझ्या छातीत होतेय.

त्यानंतरही पंधरा दिवसांत झोप आली नाही, किंवा जीव नकोसा वाटायला लागला, तर मग एक दिवससुद्धा थांबायचं नाही, १४४१६ ला फोन लाव, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. आणि धडधड डॉक्टरांना एकदा दाखवून घेच.

पण उद्या डबा. आणि दारातूनच "नको वहिनी, घाई आहे" करून पळून येऊ नकोस. त्या आत ये म्हणाल्या की चपला काढ.