मागणी असतानाही मारुती ८०० बंद का झाली?

प्रश्न : आमच्या घरी अनेक वर्षे मारुती ८०० होती. २०१० मध्ये तीच गाडी नवी घ्यायला गेलो, तेव्हा सोलापूर शहरात तिची विक्री थांबल्याचे कळले. शहराबाहेर मात्र ती मिळत होती. लोक मागत असलेली गाडी कंपन्या बंद का करतात? महाग गाडी गळ्यात मारण्यासाठीच ना?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण सोलापूरचे आहात, यातच उत्तराचा धागा आहे. १ एप्रिल २०१० पासून धुराविषयीचे भारत स्टेज ४ हे निकष देशातील १३ शहरांना लागू झाले आणि दिल्ली, मुंबई, पुणे यांच्या जोडीला त्या यादीत सोलापूरही होते. मारुती ८०० या निकषांत आणायची नाही असे कंपनीने ठरवल्यामुळे त्या शहरांत तिची विक्री थांबली आणि इतरत्र ती चालू राहिली.

हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य मुळीच नव्हते. तेवढ्याच ७९६ सीसी क्षमतेचे इंजिन असलेली ऑल्टो त्याच कंपनीने नव्या निकषांत बसवली. प्रश्न खर्चाचा होता. इंजिनाची नियंत्रणप्रणाली बदलणे, धूर शुद्ध करणारे भाग नव्याने जुळवणे, चाचण्या करून मान्यता मिळवणे हा खर्च गाडी स्वस्त असली म्हणून कमी होत नाही. तो पुढे विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर वाटून वसूल करावा लागतो. ८०० चा खप तर ऑल्टो आल्यानंतर ओसरत चालला होता. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या या गाडीचा सांगाडा १९८६ मध्ये बदलला गेला, आणि त्यानंतर वरवरचे फेरफार सोडले तर तो शेवटपर्यंत तोच राहिला. पंचवीस लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्यावर जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

पुढे सुरक्षिततेच्या नियमांनीही हेच केले. ऑक्टोबर २०१९ पासून जुन्या मॉडेलनाही ताशी ५६ किलोमीटर वेगाच्या समोरील धडकेच्या चाचणीत उतरणे बंधनकारक झाले. इंजिन चालकाच्या आसनाखाली असल्यामुळे ओम्नीच्या पुढच्या बाजूला धडकेचा जोर शोषायला जागाच नव्हती, आणि तिचे उत्पादन त्याच वर्षी थांबले. एअरबॅग नंतर बसवता येते, पण जुन्या सांगाड्याला नवी ताकद द्यायची तर पत्रा घडवणारे साचेच बदलावे लागतात, म्हणजे जवळजवळ नवी गाडीच बनवावी लागते. २०२३ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरील धुराचे निकष आले, तेव्हा ऑल्टो ८०० देखील याच हिशेबाने मागे पडली.

आपला संशय मात्र अगदीच निराधार नाही. नव्या गाडीत कंपनीला नफा अधिक मिळतो, त्यामुळे जुनी गाडी टिकवण्याची धडपड ती फारशी करत नाही. आणि ज्या कुटुंबाची ऐपत पहिल्या गाडीपुरतीच असते, त्याला ही वाढलेली किंमत खरोखर जड जाते. तरीही त्या कुटुंबाला धडकेत चेपणारा सांगाडा स्वस्तात द्यावा, असे मला वाटत नाही. नव्या छोट्या गाडीवरील कर कमी करण्याची मागणी अधिक रास्त ठरेल.