मुलगा वडिलांच्या स्मृतिदिनी बोलायला नकार देतो, हा अनादर आहे का?

सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम करताना एक काळजी मला वारंवार ऐकायला मिळते. वडील देशासाठी गेले, गावात आणि वस्तीत त्यांना मान आहे, दरवर्षी कार्यक्रम होतो, पण त्यांचा स्वतःचा मुलगाच त्या कार्यक्रमाला यायला तयार नसतो. मग घरातली माणसे विचारतात की याच्या मनात वडिलांविषयी आदर उरला नाही की काय. भांडुपच्या एका वीरपत्नीने हाच प्रश्न माझ्यासमोर ठेवला होता. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

तिचा मुलगा, त्याला सोहम म्हणू, तेव्हा अकरा वर्षांचा होता. तो पाच वर्षांचा असताना सियाचेनमध्ये हिमस्खलनात त्याचे वडील गेले. वस्तीतल्या मंडळाने चौकाला त्यांचे नाव दिले आणि दर 26 जानेवारीला तिथे पुष्पचक्र, आईला शाल-श्रीफळ आणि शेवटी सोहमचे तीन मिनिटांचे भाषण, असा क्रम ठरून गेला. तीन वर्षे तो बोलला. चौथ्या वर्षी कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी त्याने भाषणाचा कागद फाडला, पोटात दुखते म्हणून जेवण सोडले आणि आईने फार आग्रह केल्यावर त्याला उलटी झाली.

इथे माझी एक चूक सांगितली पाहिजे. लहानपणी आई किंवा वडील गमावलेली मुले वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षाच्या सुमारास तो मृत्यू पुन्हा एकदा, नव्याने समजून घेत असतात, कारण माणूस परत येत नाही याचा पूर्ण अर्थ पाचव्या वर्षी लागलेला नसतो. सोहमचेही तसेच असणार असे मी गृहीत धरले आणि यंदा कार्यक्रमच नको, असे आईला सुचवले. आईने मंडळाला तसे कळवले. ते समजताच सोहम तिच्यावर कडाडला, "मग बाबांचं नाव कोण घेणार?" म्हणजे नाव घेतले जावे असे त्याला वाटतच होते, अडत होते ते दुसरीकडे कुठेतरी.

पुढच्या भेटीत मी त्याला ते भाषण म्हणून दाखवायला सांगितले. कागद फाडला असला तरी त्याला सगळे पाठ होते. तो घडाघडा म्हणत गेला आणि "शत्रूच्या गोळ्या छातीवर झेलत" या शब्दांपाशी थांबला. बराच वेळ तो बुटाची लेस बोटाला गुंडाळत बसला. मग म्हणाला, "बाबांना गोळी लागली नव्हती. त्यांच्यावर बर्फ पडला होता." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "मग ते खरे शहीद नाहीत ना?" वर्गातल्या एका मुलाने मोबाइलवर शोधून त्याला तसे सुनावले होते.

भाषण वस्तीतल्याच कोणा उत्साही माणसाने लिहून दिले होते, त्यात वाईट हेतू नव्हता. आपल्या भाषेत तलवारीच्या धारेवर आलेल्या मरणासाठी ‘धारातीर्थी पडणे’ आहे, रणात आलेल्या मरणासाठी ‘वीरगती’ आहे. बर्फाखाली आलेल्या मरणासाठी तसा भारदस्त शब्द नाही, म्हणून लिहिणारा सवयीने गोळ्यांकडे वळतो. पण या मुलाला दरवर्षी शंभर माणसांसमोर आपल्या वडिलांविषयी खोटे बोलावे लागत होते, आणि त्याहून जड गोष्ट म्हणजे, खरे सांगितले तर वडिलांची किंमत कमी होईल अशी त्याची समजूत झाली होती.

त्याच्याशी मी सरळ माहितीच्या भाषेत बोलले. सियाचेनमध्ये आपले सैन्य 13 एप्रिल 1984 पासून, ‘ऑपरेशन मेघदूत’ या लष्करी मोहिमेपासून, तळ ठोकून आहे आणि तिथे गोळीबारापेक्षा थंडी, विरळ हवा आणि हिमस्खलन यांनीच अधिक जवान नेले आहेत. नोव्हेंबर 2003 पासून तिथे युद्धबंदी आहे, तरी चौक्या रिकाम्या झालेल्या नाहीत. ‘शहीद’ हा शब्द सैन्य अधिकृतरीत्या वापरतच नाही. त्यांच्या नोंदीत ‘बॅटल कॅज्युअल्टी’, म्हणजे लष्करी मोहिमेत कामी आलेला, असे लिहिले जाते, आणि अशा तैनातीवर असताना हिमस्खलनात गेलेला जवानही त्याच नोंदीत येतो. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकाच्या भिंतींवर मेघदूतमध्ये कामी आलेल्यांची नावेही कोरलेली आहेत. सोहमने हे सगळे वहीत उतरवून घेतले, तारीख दोनदा विचारून.

तरीही माहिती पुरी पडणार नव्हती, म्हणून मी आजोबांना बोलावले. ते स्वतः निवृत्त हवालदार. मुलावर दडपण त्यांचेच असेल असा माझा कयास होता. तोही चुकला. कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते समोर बसले आणि म्हणाले, "मॅडम, गोळ्यांचं मी कधी सांगितलं नाही. पण पोरं लिहायची, आणि ऐकायला बरं वाटायचं. म्हणून गप्प राहिलो." बर्फाबद्दल मात्र ते घरात कुणाशीच बोलले नव्हते.

पुढचे मला आईने सांगितले. एका रविवारी चाळीच्या गॅलरीत आजोबांनी कपडे वाळत घालायची दोरी सोडली, एक टोक स्वतःच्या कमरेला, मधला भाग सोहमच्या आणि दुसरे टोक तिच्या कमरेला बांधले. हिमनदीवर गस्त अशी एका दोरीत निघते, पुढचा माणूस काठीने बर्फ चाचपतो आणि तो भेगेत गेला तर मागच्यांनी तिथल्या तिथे आडवे पडून दोरी ताणायची, हे त्यांनी समजावले. सोहमने मुद्दाम जिन्याच्या पायरीवरून खाली उडी टाकली, तेव्हा गुडघेदुखीचे आजोबा खरोखर लादीवर आडवे झाले. शेजारची दोन मुलेही दोरीत आली. मग सोहमने विचारले, "बाबा कितवे होते?" आजोबा म्हणाले, "तिसरा."

आपल्या घरात असा नकार आला तर आधी मुलाला त्या कार्यक्रमात नेमके काय बोलायला, करायला लावले जाते ते पाहावे. मृत्यूचे कारण वयाला झेपेल अशा शब्दांत, पण खरे सांगावे. लपवलेले कारण मुलांना बाहेरून कळते, तेही बहुधा वाईट रीतीने. मंचावर जाणे, खाली बसणे किंवा फक्त फूल वाहणे यांतले काय करायचे ते मुलाने ठरवावे. उलट्या, झोप उडणे, शाळा टाळणे असे आठवडेच्या आठवडे चालू राहिले तर समुपदेशकाकडे जावे. सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेच्या 14416 या क्रमांकावरही बोलता येते.

त्यानंतरच्या 26 जानेवारीला सोहम मंचावर गेला नाही. निवेदकाच्या हातात त्याने आपल्या अक्षरातली चिठ्ठी दिली: वडिलांचे नाव, हुद्दा, पलटण, आणि "सियाचेनमध्ये गस्तीवर असताना हिमस्खलनात गेले. दोरीत तिसरे होते." निवेदकाने ती आहे तशी वाचली. चौकातल्या पाटीवर अजून ‘धारातीर्थी’ असेच लिहिलेले आहे. त्याबद्दल मंडळाशी बोलायचे आहे असे सोहम मला म्हणाला, पण वार्षिक परीक्षा झाल्यावर.