आतला पॅड संपला, बाहेरचा अर्धा शिल्लक

प्रश्न : माझी वॅगन-आर 2008 सालची आहे. पुढच्या डाव्या चाकाचा आतला ब्रेक पॅड लोखंडापर्यंत घासलाय, बाहेरचा मात्र अर्धा शिल्लक आहे. उजवीकडचे दोन्ही ठीक दिसतात. फक्त डावीकडचे पॅड घरी बदलले तर चालेल का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : घरी बदलता येतील, पण पुढच्या दोन्ही चाकांचे चारही पॅड एकदमच बदला. एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला जुने पॅड राहिले, तर जोरात ब्रेक लावताना गाडी एकीकडे ओढते.

त्याआधी आतलाच पॅड का संपला ते शोधायला हवं. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीवर (डिस्कवर) पॅड दाबणारी पकड म्हणजे कॅलिपर. तुमच्या गाडीच्या कॅलिपरला पिस्टन, म्हणजे ऑइलच्या दाबाने पुढे सरकणारा दट्ट्या, एकच असतो. तो आतला पॅड दाबतो आणि त्याच्या उलट्या जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिना गंजून अडकल्या की सगळं काम आतल्या पॅडवर येतं. कोकणच्या दमट हवेत हे फार दिसतं. पिना तशाच ठेवून नवे पॅड टाकलेत, तर तेही असेच एका बाजूने झिजतील.

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर लावा. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. चाकाचे नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल करा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीपाशी हात घालू नका. खाली जॅक स्टँड हवाच. काढलेलं चाकही दाराखालच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवा. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे जोडताना दुसरी बाजू नमुना म्हणून पाहता येते.

खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर फिरवा आणि तारेने स्प्रिंगला बांधा. तो होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळू देऊ नका. पॅड झिजला की डिस्कला घासून आवाज करणारी पत्र्याची पट्टी असते; पॅड काढताना ती कोणत्या पॅडला आणि कोणत्या टोकाला आहे, ते पाहून ठेवा. धूळ फुंकू नका आणि हवेनेही उडवू नका, कारण जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा आणि ओल्या फडक्याने पुसा.

आता पिना बाहेर काढा, पुसा, गंज घासा. पिनेवर खड्डे पडले असतील, तर नवी पिन आणि नवं रबर घ्या. ब्रेकसाठी मिळणारं सिलिकॉन ग्रीसच पातळ लावा. चासीच्या साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. काही गाड्यांत एकाच पिनेवर रबरी बुश असतं, म्हणून पिनांची अदलाबदल करू नका.

पिस्टन मागे ढकलण्याआधी ब्रेक ऑइलची टाकी उघडा. ती काठोकाठ असेल तर थोडं ऑइल सिरिंजने काढा, नाहीतर ते वर येऊन सांडेल आणि रंग खाईल. सांडलंच तर लगेच पाण्याने धुवा. पिस्टनवर जुना पॅड ठेवून सी-क्लॅम्पने (स्क्रूच्या शिकंजाने) सावकाश दाबा. पिस्टन अडत असेल किंवा त्याचं रबर फाटलं असेल, तर जबरदस्ती करू नका; कॅलिपर मेकॅनिककडे न्या.

लोखंडाने घासल्यामुळे डिस्कवर चरे असणारच. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. लेदवर घासून ती त्याखाली जाणार असेल, तर डिस्कच बदला, आणि तीही दोन्ही बाजूंची.

सगळं जोडून झालं की गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा. हे विसरू नका. पिस्टन मागे गेलेला असल्यामुळे पहिले काही दाब थेट तळाशी जातात. ते अंगणात व्हायला हवेत, रस्त्यावर नव्हे. कॅलिपर सुटा असताना मात्र पेडलला पाय लावू नका, पिस्टन बाहेर पडेल. शेवटी टाकीतलं ऑइल पाहा आणि चाकाचे नट गाडी जमिनीवर आल्यावर तिरपे-समोरासमोर आवळा. आवळण्याचा आकडा मॅन्युअलमध्ये आहे.

प्रश्न : पॅड नवे टाकले, तरी ब्रेक लावताना चिरकतात. – एक वाचक, नाशिक

उत्तर : नवे पॅड आधी डिस्कवर नीट बसवून घ्यावे लागतात. रिकाम्या रस्त्यावर ताशी 50 ते 60 किमीवरून 10 पर्यंत मध्यम जोराने वेग उतरवा, असं आठ-दहा वेळा. गाडी पूर्ण थांबवू नका आणि दोन वेळांमध्ये ब्रेक थंड होऊ द्या. पहिले दोन-तीनशे किमी गरज नसताना जोराचा ब्रेक टाळा. तरीही आवाज राहिला, तर पत्र्याच्या क्लिपा बसल्यात का आणि पॅडची टोकं खाचेत मोकळी सरकतात का, ते बघा. पॅडवर किंवा डिस्कवर ग्रीस लागलं असेल, तर ब्रेक क्लीनरने डिस्क पुसा आणि पॅड बदला. पॅडमध्ये मुरलेलं तेल निघत नाही.

प्रश्न : घाट उतरताना पेडल स्पंजसारखं लागतं, पण पॅड जाड आहेत. – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : ब्रेक ऑइल जुनं झालं असावं. ते हवेतली ओल शोषतं. डॉट 3 दर्जाचं ऑइल ताजं असताना किमान 205 अंशांना उकळतं, ओल शोषल्यावर ही मर्यादा 140 वर येते. आंबोलीसारख्या उतारावर ब्रेक सतत दाबला की ऑइलमध्ये वाफ होते आणि पेडल खोल जातं. दर दोन वर्षांनी ऑइल बदलून चारही चाकांच्या ब्रेकमधल्या ऑइलमधली हवा काढून घ्या. टाकीच्या झाकणावर जो दर्जा लिहिलाय तोच भरा. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका. आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरा.