“माझ्या पाळीला टोपली रिकामी झाली होती”

“ताई, देवाने सगळ्यांना कृपादानं वाटली आणि माझी पाळी आली तेव्हा टोपली रिकामी झाली होती.” काका हे बोलले ते माझ्याकडे न बघता. कृपादानं म्हणजे पवित्र आत्मा प्रत्येकाला सर्वांच्या हितासाठी देतो ती दानं. शेजारी काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

हे काका नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीचे, म्हणजे चर्चचे, जुने सभासद. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नोकरी एसटीत, शेवटची बरीच वर्षं डेपोत वाहतूक नियंत्रक. निवृत्तीनंतर उरलेलं आयुष्य प्रभूच्या कामाला द्यायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. त्याच सुमारास तीन दिवसांची संजीवन सभा, म्हणजे विश्वास नव्याने जागा करण्यासाठीची सभा, झाली. उपदेशकांनी सगळ्यांना उभं केलं आणि आपापलं दान मागायला सांगितलं. आजूबाजूचे लोक अन्य भाषांत, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषांत, बोलू लागले, कोणी रडू लागले. काका हात जोडून गप्प उभे राहिले. पुढे मुलाने मोबाइलवरून एक प्रश्नावली छापून आणली. उत्तरं लिहा, गुण मोजा, दान ओळखा. शिकवणं, उपदेश, संदेश देणं, सगळीकडे काकांना कमी गुण. मग एका घरगुती प्रार्थनासभेत त्यांना प्रार्थना चालवायला सांगितलं, तर दोन वाक्यं झाली आणि शब्दच आटले.

इथवरची गोष्ट मी अनेकांकडून ऐकली आहे. संजीवन सभेनंतरच्या महिन्यात तर हमखास कोणी ना कोणी येतं. पण काकू मध्येच म्हणाल्या, “आठ महिने झाले, हे प्रभुभोजन घेत नाहीत. पेला आला की मान खाली घालतात.”

प्रभुभोजन म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून मंडळीने मिळून घ्यायची भाकर आणि पेला. म्हणून मी कृपादानांचा विषय बाजूला ठेवला. ज्याला आपण देवाच्या मेजावर बसायच्या लायकीचेच नाही असं वाटतं, त्याच्यापुढे दानांची यादी ठेवून काय उपयोग? पहिल्या दोन भेटी आम्ही ‘कृपा’ या एकाच शब्दावर बोललो. प्रेषित पौलाने मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत वापरलेला मूळ ग्रीक शब्द ‘खरिस्मा’. तो ‘खारिस’ म्हणजे कृपा यावरून आला आहे, आणि आपल्या मराठी शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, ‘कृपादान’ हा शब्द ते नातं किती सुरेख जपतो! मेहनतीबद्दल मिळालेलं बक्षीस कोणी कृपा म्हणत नाही. मग कृपादान न मिळणं ही शिक्षा तरी कशी असेल? काका ऐकत होते. पटलं असं काही म्हणाले नाहीत.

तिसऱ्या भेटीत शास्त्र उघडलं. रोमकरांस पत्राचा 12वा अध्याय, करिंथकरांस पहिल्या पत्राचा 12वा, इफिसकरांस 4था, पेत्राच्या पहिल्या पत्राचा 4था. चारही ठिकाणच्या याद्या मी त्यांनाच कागदावर उतरवायला लावल्या. याद्या करणं हा त्यांचा हातखंडा. थोड्या वेळाने म्हणाले, “ताई, ह्या जुळत नाहीत.” नाहीतच जुळत. एकीत आहे ते दुसरीत नाही, पेत्र तर बोलणं आणि सेवा करणं एवढ्या दोनच गोष्टी सांगतो. म्हणजे कुठलीच यादी संपूर्ण म्हणून लिहिलेली नाही. आणि “सर्वच भाषा बोलतात काय?” हा पौलाचा प्रश्न आहे; त्याचं उत्तर ‘नाही’ असंच त्याला अपेक्षित आहे. त्या प्रश्नावल्यांबद्दल माझं मत मी लपवत नाही. ज्याला मंडळीत कधी एखादं काम करूच दिलं नाही, त्याला त्या कामात गुण कुठून पडणार? बोलायला एक विषय म्हणून त्या ठीक आहेत, निकाल म्हणून नाहीत.

मग मी करिंथकरांच्या यादीतल्या दोन शब्दांवर बोट ठेवलं: ‘व्यवस्था पाहणारे’. मूळ शब्द आहे ‘कुबेर्नेसिस’, म्हणजे जहाजाचं सुकाणू धरणं.

काका जवळजवळ रागावले. “ती माझी नोकरी होती. त्याचा पगार घेतला मी. गाड्यांच्या वेळा आणि ड्रायव्हर-कंडक्टरच्या ड्युट्या लावणं, यात आत्मिक काय आलं?”

हा प्रश्न खरा आहे आणि त्याला मनापासून उत्तर दिलं पाहिजे. जुन्या करारात निवासमंडप, म्हणजे देवाच्या उपासनेचा तंबू, बांधताना देवाने बसालेल नावाच्या कारागिराला आपल्या आत्म्याने भरलं ते सोन्या-लाकडाच्या कारागिरीसाठी. यरुशलेमेत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटणीत सुटत होत्या, तेव्हा प्रेषितांनी त्या जेवणाच्या व्यवस्थेसाठी सात माणसं निवडायला सांगितली; अट अशी, की ती चांगल्या नावाची, आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण असावीत. आणि आपल्या नगरचे नारायण वामन टिळक? 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते कवी होतेच. ती कविता त्यांनी मंडळीच्या पायाशी आणून ठेवली, म्हणून आज आपण त्यांची भजनं गातो. अंगचा गुण वेगळा आणि कृपादान वेगळं अशी मधे भिंत घालायला मी कचरते. पौल विचारतो ते एवढंच, की ते सर्वांच्या हितासाठी आहे का.

तरी मी त्यांना “हेच तुमचं दान” असं सांगितलं नाही. ते सांगणारी मी कोण? ते मंडळीत काम करूनच कळतं, आणि मंडळीनेच सांगायचं असतं. मी फक्त विचारलं, “काका, रविवारी उपासनेला हल्ली कोण कोण दिसत नाही?”

त्यांनी पेन उचललं. न थांबता 17 नावं लिहिली. कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाला आणायला घरात माणूस नाही, कोणती गल्ली, किती दिवसांपासून. काकू हळूच म्हणाल्या, “हे रात्री पडल्या पडल्या हेच मोजत असतात.”

तो कागद घेऊन मी त्यांना पाळकसाहेबांकडे पाठवलं, कारण असं काम परस्पर सुरू करू नये. साहेबांनी आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांनी तीन महिने करून बघा म्हटलं. काकांनी तक्ता केला. प्रत्येक घरी पंधरा दिवसांतून एकदा कोणीतरी जाणार. जोडी एका अनुभवी माणसाची आणि एका तरुणाची. कामावरून परतताना ज्याच्या वाटेत जे घर, ते त्याला. पहिला महिना छान गेला. एका आजीकडे कित्येक महिन्यांत मंडळीतलं कोणीच फिरकलं नव्हतं, हे तेव्हा कळलं.

दुसऱ्या महिन्यात काका माझ्याकडे आले ते पडलेल्या चेहऱ्याने. एक तरुण शिक्षिका दोनदा गेली नाही. त्यांनी तिला सगळ्यांसमोर झापलं, “तुमची ड्युटी होती!” तिने नाव काढून घेतलं. “बघा, दान नव्हतंच,” काका म्हणाले.

मला तसं वाटलं नाही. पौलाने प्रीतीचा 13वा अध्याय कृपादानांच्या दोन अध्यायांच्या मधोमध ठेवला आहे. आपण तो लग्नात वाचतो आणि मूळ जागा विसरतो. तो भांडणाऱ्या, आपापली दानं मिरवणाऱ्या करिंथच्या मंडळीला लिहिला होता. आम्ही तो वाचला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते काकूंना घेऊन त्या शिक्षिकेच्या घरी गेले आणि माफी मागितली. तेव्हा कळलं, तिची सासू आजारी होती. शाळा सुटली की ती थेट दवाखान्यात जात होती. तिला कोणी विचारलंच नव्हतं. काकांनी तक्त्यात ‘अडचण’ असा एक नवा रकाना आखला. सासूबाईंचं नाव 18वं झालं.

पुढच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब घरोघर प्रभुभोजन द्यायला निघाले तेव्हा भाकर-पेल्याची पेटी काकांच्या हातात होती. त्या एकट्या आजींच्या खोलीत साहेबांनी आजींना भाकर आणि पेला दिला, मग पेला काकांपुढे धरला. काकांनी तो घेतला. नंतर आजींनी त्यांनाच प्रार्थना करायला सांगितली. काकांनी केली, दोनच वाक्यांची.