इटलीतल्या ब्रा गावाला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचा

तोरिनोहून (म्हणजे ट्युरिनहून) ब्राला थेट लोकल आहे, तासाभरात पोचाल. 1986 मध्ये कार्लो पेत्रिनींनी सुरू केलेल्या स्लो फूड चळवळीचं, म्हणजे फास्ट फूडऐवजी स्थानिक, पारंपरिक जेवण जपणाऱ्या चळवळीचं हे गाव. विषम वर्षी सप्टेंबरात इथे चीजची मोठी जत्रा भरते. तेव्हा जायचं तर खोली खूप आधी बुक करा.

आता मुख्य गोष्ट. इथलं प्रसिद्ध सॉसेज, म्हणजे 'साल्सिच्या दी ब्रा', गोवंशाच्या मांसाचं असतं, थोडी डुकराची चरबीही असते, आणि लोक ते चक्क कच्चं खातात. चालत नसेल तर ऑर्डर देण्याआधीच सांगा.

शाकाहारी असाल तर 'बान्या काउदा'पासून सावध. भाज्या बुडवून खायचं हे गरम तेल-लसणाचं प्रकरण दिसायला निरागस, पण त्यात अँचोव्ही मासे विरघळवलेले असतात! त्यापेक्षा 'तायारिन' मागवा: अंड्याच्या बलकातल्या शेवयांसारख्या बारीक पट्ट्या, लोणी आणि सेजची पानं घालून. अंडंही नको असेल तर पंचाईत आहे खरी.

चीजमध्ये 'ब्रा तेनेरो' मऊ, 'ब्रा दुरो' मुरलेलं आणि तिखटसर. मी दुरोच घेईन. दुपारी बरीच दुकानं बंद होतात, खरेदी सकाळीच उरका.