सांगलीतून मित्राला 80,000 हातउसने दिले, तो तासगावला असतो, आता फोन उचलत नाही. दावा कसा लावायचा?

आधी तारीख बघा. पैसे दिल्यापासून 3 वर्षांत दावा दाखल व्हायला हवा. "दिवाळीनंतर देतो" असं तोंडी कबूल केल्याने मुदत वाढत नाही. मुदत संपण्याआधी त्याच्या सहीनिशी लेखी कबुली मिळाली, तर त्या दिवसापासून 3 वर्षं नव्याने मोजतात.

मग वकिलामार्फत रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्टाने नोटीस. पोचपावती जपा, आणि पाकीट 'घेण्यास नकार' शेरा मारून परत आलं तर फोडू नका, तसंच कोर्टात लावायचं.

दावा दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे. तो राहतो तिथे, म्हणजे तासगावला लावता येतो. पैसे सांगलीत दिल्याचा पुरावा असेल तर सांगलीतही. वचनचिठ्ठी किंवा लेखी करार असेल तर समरी दावाच (झटपट निकालासाठीचा दावा) लावा. त्यात त्याला 10 दिवसांत हजर व्हावं लागतं आणि बचावासाठी कोर्टाची परवानगी मागावी लागते.

नुसतं यूपीआय असेल तर घोळ इथेच होतो: "ते माझेच जुने पैसे परत दिले" असं समोरचा म्हणतो. म्हणून 'उसने' शब्द असलेले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रासह (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं) जोडा.

चेक दिलाय? मग तो न वटल्याचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, पैसे द्यायला 15 दिवस, त्यानंतर महिनाभरात कलम 138 ची (चेक न वटल्याच्या गुन्ह्याची) तक्रार.

व्याज मात्र जपून मागा. महिना 5 टक्के लिहिलंत, तर समोरचा वकील पहिल्यांदा सावकारीचा परवाना विचारेल.